ओल्या कापसाची शिस्त

"हे पिल्लू टुणटुणीत आहे," तांबे मॅडम सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न काढता म्हणाल्या. "हेही टुणटुणीत. हेही. प्रणिता, तुझी सगळी पिल्लं टुणटुणीत आहेत गं."

एखाद्या सुईणीने असं म्हटलं असतं तर घरात पेढे वाटले असते. मी वहीत आणखी तीन फुल्या मारल्या.

मी तेव्हा पुण्यात पीएच.डी. करत होते आणि मॅडम माझ्या मार्गदर्शक होत्या. आमचा प्राणी म्हणजे कुणाच्याही घरी जुन्या पिठाच्या डब्यात सापडतो तो तांबडा किडा, तिळापेक्षाही थोडा बारीकच. बाकीचं जग त्याला चाळून फेकून देतं, आम्ही त्याला चाळून जपत होतो. त्याचं एक जनुक मी गप्प बसवलं होतं. मादीला एक बारीक इंजेक्शन दिलं, की तिच्या अंड्यांमध्ये ते जनुक तोंडच उघडत नाही. मग नुसतं बघत बसायचं, काय बिघडतंय ते. जे बिघडेल ते त्या जनुकाचं काम. घरातलं एक माणूस आठ दिवस परगावी गेलं की कुठलं काम खोळंबतं ते कळतं ना, तसलाच हा प्रकार. आणि माझं काहीच खोळंबत नव्हतं.

"आवरण?" मॅडमनी विचारलं.

"गर्भाभोवतीचं आवरण एकाही अंड्यात नाही. जनुक गप्प आहे, त्यात शंका नाही. पण पिल्लं येताहेत."

मॅडम खुर्चीत मागे टेकल्या. "या जनुकाचं घराणं किती मोठं, बघ. उंदरात याचं भावंड मानेच्या आसपास काय कुठं हवं ते ठरवतं. फळमाशीत याच घराण्यातल्या एकानं तर डोकं कुठल्या टोकाला ते ठरवायचा मान पटकावला. सगळे कसे कर्ते. आणि तुझं हे? शरीर सोडून बाहेर गेलं आणि गर्भाभोवती एक पातळ पापुद्रा करत बसलं. पिल्लू बाहेर यायच्या आधी तो पापुद्राही फाटतो आणि आक्रसून संपतो. आता तू दाखवलंस की तो नसला तरी कुणाचं काही बिघडत नाही."

"म्हणजे काम नाहीच?"

"असतं एखादं माणूस घरात. नावापुरतं." मॅडमनी चष्मा काढून पदराने पुसला. "जूनमध्ये समिती बसेल. 'काम आढळलं नाही' एवढं एक वाक्य घेऊन त्यांच्यासमोर जाता येत नाही. शिष्यवृत्ती वाढवून मिळणार नाही. तुझी शेवटची अंडी आहेत ना, त्यांचं काय होतं ते बघून लिहून टाक आणि पुढचं बघ."

मी त्यांना सोलापूरचं सांगितलं. आमच्या घराजवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्राची जागा होती, आणि तिथले प्राचार्य मला घ्यायला तयार होते. मॅडमनी 'थोडी थांब' म्हणावं असं मला फार वाटत होतं. त्या म्हणाल्या, "चांगलं आहे की. वडीलही एकटेच आहेत ना?"

एकटेच होते. दिवाळीच्या तोंडावर आई गेली होती.

त्या संध्याकाळी मी आण्णांना फोन केला आणि सांगितलं, इथलं काही जमत नाही, तिथल्या कॉलेजात शिकवेन, जूनपासून मी कायमची येते. पलीकडे त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते म्हणाले, "बरं."

आण्णांचं बोलणं एवढंच. ते गिरणीत माग खात्यात जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम होते. मागांच्या खडखडाटात माणसाला माणसाचं ऐकू येत नाही, म्हणून तिथे सगळे खुणांनी बोलत. धागा तुटला, बॉबिन संपलं, साहेब आला, चहा आला, सगळ्याला खूण. गिरणी बंद पडली तरी आण्णा खुणांवरच राहिले. घरात बोलायला आई होती. ती एकटी चार माणसांचं बोलायची. आण्णांना भूक लागली आहे, आण्णांना तुझा राग आलेला नाही, आण्णांना हा शर्ट आवडला, हे सगळं मला आईकडून कळायचं.

विभागाची इमारत मे महिन्यात दुरुस्तीसाठी बंद होणार होती आणि वीजही असणार नव्हती. अंडी ठेवून कुठे जाणार? मी ती स्टीलच्या डब्यात घातली. दोन बशा होत्या. एकीत साधी अंडी, दुसरीत गप्प जनुकाची. डब्याला तळाशी ओला कापूस. आमच्या लॅबची ही शिस्तच होती. मॅडमची उमेदीची सगळी वर्षं बेडकाच्या अंड्यांवर गेली होती, आणि बेडकाचं अंडं सुकलं की संपलं. म्हणून लॅबमध्ये पाऊल टाकलं की नव्या मुलाला पहिली गोष्ट शिकवली जायची, ती म्हणजे अंडं कोरडं पडू द्यायचं नाही. नंतर बेडूक गेले आणि किडे आले. कापूस मात्र ओलाच राहिला.

एसटीत डबा मांडीवर घेऊन बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय नेताय? मी म्हटलं, अंडी. त्यांनी जरा सरकून बसत "उकडलेली?" असं विचारलं. मी हो म्हटलं. टेंभुर्णीला गाडी थांबली तेव्हा उतरून कापूस पुन्हा ओला केला. कशासाठी, हे मला विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. त्या अंड्यांतून नवं काही कळणार नव्हतं. पण कुणाला तरी जपत असल्याशिवाय पाच-सहा तास गाडीत बसवेना.

सोलापूरला उतरले तेव्हा दुपार होती. मे महिन्यातल्या सोलापूरच्या दुपारी रस्त्यावर कुत्रंही नसतं. घशाला कोरड पडते ती संध्याकाळपर्यंत उतरत नाही. मी दार वाजवलं. आण्णांनी उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि त्यांचे ओठ हलले. आवाज आलाच नाही. त्यांनी खाकरून पुन्हा प्रयत्न केला तेव्हा फाटकं काहीतरी बाहेर पडलं.

"घसा बसलाय का आण्णा? औषध घेतलंत का?"

त्यांनी हातानेच नाही म्हटलं आणि पाणी आणायला आत गेले.

शेजारच्या महानंदा मावशी माझा आवाज ऐकून कुंपणापाशी आल्या. आईची आणि त्यांची गट्टी होती. त्या हळू आवाजात म्हणाल्या, "घसा बसला न्हाई पोरी. वापरात न्हाई."

"म्हणजे?"

"कुणाशी बोलायचं त्यांनी? डबेवाला दारात डबा ठेवून जातोय. भांड्याची बाई सुट्टीत गावाला गेली. गल्लीत निम्मे लोक गावाला. मी हाक मारले तर हात वर करतेत, झालं. परवा मला तर शंकाच आली, म्हणून दार वाजवत बसले. उघडले आणि हात वर केले."

मी आत आले. आई गेली तेव्हा सगळे म्हणाले होते, आण्णांचं काही अडलं नाही. कौतुकानेच म्हणाले होते, आणि ते खरंही होतं. डबा लागला, धुण्याभांड्याला बाई लागली. पहिले काही महिने घरात माणसं येत होती. आईच्या भिशीतल्या बायका, मामा, दूधवाला, कुणी ना कुणी येऊन टेकायचंच. मी पुण्याहून फोन केला की मागे कुणाचा तरी आवाज असायचा आणि मला बरं वाटायचं. ती सगळी माणसं आईची होती. हळूहळू त्यांनी यायचं बंद केलं. त्यात त्यांचा काय दोष? माणूस किती दिवस एकट्याने बोलणार?

तर अशा त्या घरात मी आले आणि बघते तो माजघरात गव्हाचं एक पोतं आणि ज्वारीचं एक पोतं. "हे काय आण्णा?"

"वर्षाचं," आण्णा म्हणाले. आता आवाज थोडा आला होता. "दोघांचं."

मग त्यांनी मला जिन्याने वर नेलं. गच्चीवरची खोली रंगवून घेतली होती. फिकट निळा रंग. खिडकीला नवी जाळी. टेबलाला ड्रॉवर नव्हता तो बसवला होता. ते दारात उभे राहिले आणि मी काही बोलते का याची वाट बघत राहिले.

"छान झाली आहे," मी म्हटलं.

"पेपर तपासायला बरं," ते म्हणाले.

मला रडू आलं, आणि ते कशाचं हे मला नीट कळलं नाही. पुण्यात माझं काही उरलं नव्हतं, आणि इथे माझ्यासाठी एक माणूस भिंती रंगवत बसलं होतं. त्यात आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. पण त्या निळ्या खोलीत उभं राहून मी पुढची तीस वर्षं बघितली आणि तो नवा ड्रॉवर उघडून पुन्हा लावला.

डबा मी स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवला. आण्णांनी भुवईनेच विचारलं, काय आहे.

"अंडी आहेत, किड्याची. माझं काम. फक्त ऊन लागू द्यायचं नाही, आण्णा."

त्यांनी मान हलवली. एवढंच बोलणं झालं.

दुसऱ्या दिवशी मी सकाळीच महाविद्यालयात गेले. प्राचार्य भले होते. त्यांनी मला वर्ग दाखवले, प्रयोगशाळा दाखवली, बाटल्यांमधले जुने साप दाखवले आणि चहा पाजला. आठवड्याभरात होकार कळवायचा होता. मग माझ्या एका शाळेतल्या मैत्रिणीने घरी ओढून नेलं. परतायला संध्याकाळ झाली. आण्णा गच्चीवरून पोती खाली आणत होते. त्यांचा चेहरा उन्हाने लाल झाला होता आणि हात कोपरापर्यंत तेलकट होते.

"गव्हाला ऊन दाखवलो," ते म्हणाले. "मग एरंडेल लावलो. तुझी आई लावायची."

आयुष्यात पहिल्यांदा ते आईचं एखादं काम करत होते. मी हात लावायला गेले तर त्यांनी खुणेनं मला बाजूला केलं. जेवताना ते चक्क बोलले. एरंडेल किती, कडुलिंबाचा पाला कुठून आणला, मावशींनी काय सांगितलं, आणि आपण ते का ऐकलं नाही. मी नुसती ऐकत होते. इतका वेळ सलग मी आण्णांचा आवाज कधीच ऐकला नव्हता. त्या आनंदात डब्याकडे माझं लक्षच गेलं नाही.

सकाळी चहा ठेवला आणि कापूस ओला करायला म्हणून डबा काढला. झाकण उघडलं. कापूस गायब. तळ कोरडा ठणठणीत.

"आण्णा! यातला कापूस कुठाय?"

ते खुशीतच आले. "काढून टाकलो की. वल होती की त्यात. सगळा डबा सर्द झाल्ता. धान्याला ऊन दाखवत होतो तर म्हणलं हाही मोकळा ठेवावं. वल लागली की किडं होतेत."

"उन्हात ठेवलात?"

"न्हाई न्हाई. तू म्हणलीस की ऊन नको. बाजेखाली सावलीत ठेवलो, वर फडकं टाकून. दिवसभर वारं लागलं छान."

सोलापूरचं मे महिन्यातलं वारं. त्याने ओला टॉवेल पापडासारखा कडक होतो. मी डबा ओट्यावर ठेवला. संपलेल्या कामाची ती शेवटची अंडी होती, त्यांच्यावर माझं काही अवलंबून नव्हतं, तरी मला हुंदकाच फुटायचा बाकी होता. आण्णा चहा घेऊन उभे राहिले. आपलं काहीतरी चुकलं आहे एवढं त्यांना समजलं होतं आणि काय ते विचारायचा धीर होत नव्हता.

"असू दे आण्णा," मी म्हटलं. "तशीही ती टाकूनच द्यायची होती."

टाकून द्यायच्या आधी बघावं म्हणून मी भिंग काढलं. सवय, दुसरं काय. आधी साध्या अंड्यांची बशी घेतली. अंडी टपोरी होती. मोत्यासारखी, पांढरी, तुकतुकीत. त्यात दोन पिल्लं बाहेर येऊन बशीच्या कडेकडेने वळवळत चालली होती. त्या वाऱ्यात, त्या कोरड्यात! मी मनात म्हटलं, शाब्बास रे बाबांनो.

मग दुसरी बशी घेतली. गप्प जनुकाची.

सगळी अंडी सुकली होती. एकूण एक. मनुकेसारखी आत ओढलेली, सुरकुतलेली.

मी बशांवरच्या खुणा बघितल्या. पुन्हा बघितल्या. बशा उजेडात नेल्या. आण्णांना विचारलं, दोन्ही एकत्रच होत्या ना? एकच डबा, एकच फडकं, एकच सावली? ते म्हणाले, एकच. मी तिथेच जमिनीवर बसले आणि चहा गार झाला.

दोन्ही बशांना सारखंच वारं लागलं होतं. फरक एकच होता, एकीतल्या अंड्यांना ते आवरण होतं आणि दुसरीतल्यांना नव्हतं. आवरण असलेली कोरड्यातही जगली. नसलेली सुकून गेली. म्हणजे त्या जनुकाला काम होतं, आणि केवढं काम होतं! पिठातला किडा हा. पीठ कोरडं. त्याच्या अंड्यांनी कोरड्यातच जगायचं असतं. आणि आम्ही बेडकांची माणसं, कापूस ओला करकरून त्यांना इतके जपत होतो की त्या बिचाऱ्या आवरणाची कधी गरजच पडली नाही. ते नसलं तरी ती त्या ओलीवर निभावून नेत होती आणि आम्ही लिहीत होतो, काम आढळलं नाही.

मी मॅडमना फोन लावला. सगळं सांगितलं. त्यांनी मला ते पुन्हा एकदा सांगायला लावलं.

"एकाच डब्यात होत्या, मॅडम."

"इतकी वर्षं," त्या म्हणाल्या, "मी त्यांना पाणी पाजत बसले गं." मग त्या हसायलाच लागल्या. माझ्यासमोर त्या कधी अशा हसल्या नव्हत्या. "प्रणिता, सोमवारी ये. दुरुस्ती गेली खड्ड्यात, मी माझ्या घरी जागा करते. निम्मी ओलीत, निम्मी कोरड्यात. समितीच्या आधी तीनदा करून दाखवायचं. हे समितीचं राहिलंच नाही आता, याच्यावर तुझी पुढची पाच वर्षं जातील."

मी फोन ठेवला. आण्णा स्वयंपाकघराच्या दारात होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"चांगलं झालं ना?" त्यांनी विचारलं.

"फार चांगलं झालं आण्णा. तुमच्यामुळं झालं."

"मी काय केलो?"

म्हणून मी त्यांना सगळं सांगायला बसले. जनुकांचं एक घराणं असतं, एकेक भावंड एकेका प्राण्यात गेलं आणि त्यांची कामं बदलली. कुणी मान आखतं, कुणी डोकं ठरवतं. हे एक जण असं निघालं की त्याने अंग घडवायचं कामच सोडलं आणि नुसतं बाहेरून पांघरूण घालायचं काम घेतलं. आण्णा माग चालवणारे, त्यांना पांघरूण लगेच कळलं. त्यांनी हाताने विणल्यासारखी खूण करून विचारलं, असं? मी म्हटलं, तसंच. ते नसलं तरी चालतं असं आम्हाला वाटत होतं, कारण सगळीकडे ओल होती. ओल गेली आणि कळलं.

"हां," आण्णा म्हणाले. त्यांनी ती सुकलेली बशी जवळ ओढली. त्यांनी भिंग मागून घेतलं आणि एक डोळा मिटून बघितलं. "ओल असेपर्यंत कळत न्हाई," ते स्वतःशीच म्हणाले. "लोक येत होते तोवर मला पण कळलं न्हाई."

त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"म्हणजे तू जाणार."

"सोमवारी."

"कॉलेज?"

"नाही म्हणून कळवते."

त्यांनी मान हलवली. उठले, माजघरात गेले. त्या दोन पोत्यांपाशी उभे राहिले. एरंडेल लावलेलं धान्य दुकानदार परत घेत नाही. मग तिथूनच, माझ्याकडे न बघता, अगदी स्पष्ट आवाजात ते म्हणाले, "नको जाऊ."

आण्णांनी माझ्याकडे आयुष्यात दुसरं काहीही मागितलं नव्हतं. सायकल शिकताना मी पडले तेव्हा ते धावले होते, बारावीला नापास झाले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला होता, पण 'हे कर' किंवा 'हे करू नको' असं ते कधीच म्हणाले नव्हते. मी म्हटलं, "तुम्हीच चला ना आण्णा माझ्याबरोबर पुण्याला." त्यांनी हातानेच नाही म्हटलं. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पुन्हा नाही म्हटलं. पुण्यात जाऊन ते कुणाशी खुणा करणार होते?

सोमवारी मी गेले. मला जायचंच होतं. आण्णा दारापर्यंत आले. मी गल्लीच्या टोकाला वळून बघितलं तर त्यांनी हात वर केला होता.

पुढे सगळं मॅडम म्हणाल्या तसं झालं. काम झालं, छापून आलं, त्यावर मला नोकरी लागली. त्यातून दुसरी कामं निघाली. आज माझे विद्यार्थी त्या घराण्यातल्या आणखी भावंडांच्या मागे लागले आहेत, कोळ्यात कोण काय करतं, गोगलगायीत कोण काय करतं. पुण्यात मी एक छोटं घर घेतलं. त्यात मी एकटी राहते आणि सुट्टीच्या दिवशी संध्याकाळी कधीकधी मलाही खाकरून आवाज काढावा लागतो. दिवाळीला आणि मे महिन्यात सोलापूरला जायचे. निळ्या खोलीत झोपायचे. फोनवर आण्णा 'बरं हाय' म्हणायचे, मीही बरं आहे म्हणायचे, आणि दोघंही फोन धरून थोडा वेळ तसेच राहायचो. 'नको जाऊ' हा विषय पुन्हा कधी निघाला नाही. मला वाटायचं, त्यांच्या मनात तो राहिला असणार. माझ्या तर राहिलाच होता.

ते गेले ती बातमी महानंदा मावशींनीच कळवली. दिवस करायला मी तिथे राहिले. आईच्या वेळी आली होती तशीच माणसं येतील, दोन दिवस बसतील आणि जातील असं मी धरून चालले होते. पण ही वेगळीच माणसं होती. इस्त्रीवाला आला, त्याच्याबरोबर त्याचे वडील आले. कोपऱ्यावरचा न्हावी आला. बँकेतला शिपाई आला. जिथे आण्णा सकाळी फिरायला जात त्या बागेतले चार म्हातारे आले. आणि प्रत्येकाला ते माहीत होतं. न्हावी म्हणाला, "ते पांघरूणवालं जनुक ना मॅडम? आण्णांनी डब्यातला कापूस काढल्यामुळं सापडलेलं?" बागेतल्या एका आजोबांनी मला हाताने विणल्याची खूण करून दाखवली.

मी थक्क झाले. मावशींना म्हटलं, "आण्णा बोलायचे? एवढ्या लोकांशी?"

"अगं कुणालाही थांबवून सांगायचे," मावशी म्हणाल्या. त्या जरा घुटमळल्या. "सुरवात माझ्यापासनंच झाली. तू गेलीस त्या दिवशी मी लई बोलले तुला. तुझ्यामागं. सगळ्या गल्लीत बोलले. म्हाताऱ्यानं खोली रंगवली, दोघांचं धान्य भरलं, आणि पोरगी बापाला टाकून चालली म्हणून. कुणीतरी आण्णांना जाऊन सांगितलं. तर ते माझ्या दारात आले. तुझी आई होती तवा पण कधी माझी पायरी चढले नव्हते ते. दारात उभं राहून ते सगळं सांगितले. किडा, कापूस, सगळं. तासभर. आणि म्हणाले, महानंदाबाई, पोरगी थांबतच होती. रडत होती, जात न्हाई म्हणत होती. मीच रागावलो आणि पाठवलो तिला." मावशींनी डोळे पुसले. "मग मला लाज वाटली बघ. त्यानंतर जो कुणी तुझ्याबद्दल काही बोललाय असं त्यांच्या कानावर जायचं, त्याच्याकडं ते स्वतः जायचे. किड्यापासनं सुरू करायचे, आणि शेवट हाच. 'मीच पाठवलो.'"

"हो," मी म्हटलं.

आण्णा जन्मभर फार थोडं बोलले, आणि त्यात खोटं एकच बोलले. तेच त्यांनी सगळ्यांत जास्त लोकांना सांगितलं.